पुन्हा विचारू नका

ऑफिसात त्याला सगळे पोस्टमन म्हणत. पत्र वाटायचं काम त्याने जन्मात केलं नव्हतं. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो प्रोग्रामर होता. पण अमुक फाइल कुठे आहे असं कोणी विचारायचा अवकाश, हा डोळे मिटून पत्ता सांगणार: "'पेशंट'मध्ये जा, आत 'नोंदणी', त्यात वरून तिसरी." कोड लिहायच्या एडिटरच्या डाव्या पट्टीतली फोल्डरांची ती उतरंड त्यानेच रचलेली. एखादी फाइल भलत्या फोल्डरात दिसली, की शर्टाचं बटण चुकीच्या काजात गेल्यासारखं त्याला दिवसभर अवघडल्यागत व्हायचं.

शेजारच्या टेबलावर जुळ्यांची आई बसे. तिचा खाक्या उलटा. डावी पट्टी तिने कधीच बंद करून टाकली होती. दोन बटणं दाबायची, फाइलच्या नावातली चार अक्षरं टाइप करायची, फाइल हजर. "घरात दोन पोरं असली की आवराआवरीचा नाद सुटतो," ती म्हणायची. "आपण हाक मारायची. ज्याला ओ द्यायची तो देतो." पोस्टमनच्या मते हा गलथानपणाचा कळस होता, आणि हे मत तो तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात इतरांना सांगत असे.

आणखी एक गोष्ट त्याला खपत नसे. एकच प्रश्न दोनदा. फोल्डर इकडचं तिकडे हलवलं की एडिटर विचारतो, खरंच हलवायचं का? खाली एक बारीक चौकोन असतो: पुन्हा विचारू नका. पोस्टमनने पहिल्याच दिवशी त्यावर खूण करून टाकली होती. बायकोच्या बाबतीत अशी सोय नसल्यामुळे तिथे मात्र तोंड वाजवावं लागे. ती आज संध्याकाळी तिच्या गाण्याच्या क्लासच्या कार्यक्रमात पहिल्यांदाच एकटी गाणार होती, आणि आठवडाभर तिचं एकच पालुपद चाललं होतं, "नक्की येशील ना?" मागच्या समूहगानाला हा पोचला तेव्हा शिपाई खुर्च्या रचून ठेवत होता, म्हणून बिचारी विचारत होती. शेवटी काल तो खेकसला, "एकदा सांगितलं ना? पुन्हा विचारू नकोस." आज सकाळी तिने खरंच विचारलं नाही. पोस्टमन मोठ्या समाधानाने ऑफिसला आला.

दुपारी एका मोठ्या दवाखान्याचे डॉक्टर नवा प्रोग्राम बघायला येणार होते. पोस्टमनने तो आपल्या मशीनवर दाखवायचा आणि तिथून थेट कार्यक्रमाचा हॉल गाठायचा, असं ठरलं होतं. जेवणानंतर त्याने शेवटचा हात फिरवला, दोन-तीन फोल्डर नीट लावले, प्रोग्राम सुरू केला आणि सगळा स्क्रीन लाल अक्षरांनी भरून गेला. 'रिमाइंडर' नावाचा फोल्डर जागेवर नव्हता. पेशंटला तारखेची आठवण करून देणारं सगळं काम त्यात होतं.

पोस्टमन एकेक फोल्डर उघडत सुटला. डॉक्टर आले. साहेबांनी त्यांना चहा पाजला, मग कंपनीचा इतिहास ऐकवला, मग पुन्हा चहा पाजला. मधेच येऊन ते पोस्टमनच्या कानाशी लागले, "अहो, सर्च मारून बघा की."

"स्वतःच्या घरात शोधाशोध करायची वेळ माझ्यावर आलेली नाही," पोस्टमन घाम पुसत म्हणाला. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. मग सगळ्यांदेखत तो जुळ्यांच्या आईकडे वळला. "तुम्हीच हलवला असणार. पसारा करायची सवय कोणाला आहे, ते सगळ्यांना माहीत आहे."

तिला ते फार लागलं. तिने आपला मॉनिटर त्याच्याकडे फिरवला. "माझ्याकडच्या प्रतीत जागेवर आहे. बाकीच्यांकडेही असेल. गेलाय तो फक्त तुमच्या मशीनवरून." मग त्याच्या कीबोर्डवर वाकून तिने चार अक्षरं टाइप केली. फाइलने ताबडतोब ओ दिली. अख्खा 'रिमाइंडर' 'जुनं सामान' नावाच्या फोल्डरात जाऊन बसला होता. आवरता आवरता पोस्टमनचाच माउस घसरला होता.

"हलवताना विचारलं नाही त्याने?" तिने विचारलं.

"मीच सांगितलंय, पुन्हा विचारू नकोस म्हणून," पोस्टमन म्हणाला, आणि त्याने घड्याळाकडे पाहिलं. सकाळी बायको गप्प का होती, ते त्याला आत्ता कळलं.

"चूक माझी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. त्याला मनापासून लाज वाटत होती. "डॉक्टरांना तुम्ही दाखवाल का? मला जायला हवं."

"पळा," जुळ्यांची आई म्हणाली.

हॉलमध्ये मेहुणी दुसऱ्या रांगेत होती. शेजारच्या खुर्चीवर तिच्या ओळखीचं कोणीतरी बसलेलं. "भावोजी, तुम्ही?" ती गडबडली. "तुमच्यासाठी जागा धरू नकोस म्हणाली ताई." तो मागे भिंतीला टेकून उभा राहिला. गाता गाता बायकोची नजर मागे गेली, एक सूर घसरला, आणि मग असा लागला की पोस्टमन भिंत सोडून सरळ उभा राहिला.

"तू येशीलसं वाटलं नव्हतं," ती बाहेर जिन्यात म्हणाली.

"मग सकाळी विचारलं का नाहीस?"

"तूच म्हणालास, पुन्हा विचारू नकोस."

"विचारत जा. मी खेकसलो तरी विचार."

"नक्की?" तिने विचारलं.

"नक्की."

"नक्की ना?"

पोस्टमनने दात आवळले, एक मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "हो गं. नक्की."