मुंबईच्या वाटेतला माड

दाजी मेस्त्री तारखात्यातून निवृत्त झाले आणि खातं सुटलं, अडकलो आम्ही. २००५ साली आमच्या कट्टा गावात जुनी कागदपत्रं स्कॅन करून मुंबईच्या कंपनीला पाठवण्याचं केंद्र निघालं, त्याचे ते प्रमुख. मी तिथली कारकून. कॉम्प्युटर सुरू करायलाही त्यांना माणूस लागे, पण पाठवलेल्या प्रत्येक कागदाची पोच हवी, हा हट्ट जन्माचा. चहावाल्यालासुद्धा चहा मिळाल्याची चिठ्ठी देत. मला त्या माणसाचा मनस्वी तिटकारा होता.

फोनची लाइन सारखी तुटे, म्हणून छपरावर उपग्रहाची डिश बसवली होती. तरी फाइली जाता जाईनात. एका गठ्ठ्याला तास. दाजींनी छपरावर चढून निदान केलं: मुंबई उत्तरेला, शेजारच्या गोदूबाईचा माडही उत्तरेला, म्हणजे संदेश झावळांत अडकतो. तारांवरच्या झावळा छाटण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला दुसरं काय सुचणार? नाचता येईना, अंगण वाकडं.

गोदूबाईच्या घरामागच्या परड्यात तो एकच लागता माड. त्याचे नारळ बाजारात विकून तिचं मीठ-मिरची चाले. लागत्या माडाला कुऱ्हाड लावायला आमच्याकडे सहसा कोणी धजत नाही.

सावंतवाडीहून डिशवाला तौकीर आला. त्याने तपासून सांगितलं, डिश बघते आग्नेयेला, वर आभाळात. माड तिच्या पाठीमागे आहे. सिग्नल पुरेपूर आहे. पण आपला कॉम्प्युटर थोडंसं पाठवतो आणि मुंबईची पोच येईपर्यंत हात बांधून बसतो. उपग्रह छत्तीस हजार किलोमीटर वर. संदेश तिथून मुंबईत उतरून पोच त्याच वाटेने परत यायला दर खेपेला अर्ध्या सेकंदाहून जास्त जातं, आणि तेवढा वेळ लाइन रिकामी. पोचेची वाट न बघता एका दमात जास्त पाठवायची सेटिंग करू या, म्हणाला.

दाजींनी चष्मा काढला. "पोच येण्याआधी पुढचं पाठवायचं? आमच्या खात्यात असल्या माणसाला घरी बसवत." तौकीरला चहाही न देता त्यांनी वाटेला लावलं.

मग ते गोदूबाईकडे गेले, मागोमाग मी. तुमच्या माडामुळे गावाचं केंद्र बंद पडेल, असं त्यांनी तिला ऑफिसातल्या मराठीत ऐकवलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मला खरं ठाऊक होतं. नोकरीचा विचार करून मी शाईचं पॅड पुढे केलं आणि हरकत नसल्याच्या कागदावर तिने अंगठा उठवला. त्या कागदाचीही दाजींनी तिला पोच दिली.

माड पडला. फाइली तशाच रखडत राहिल्या. आठवड्याने दाजी ओरोसला जिल्ह्याच्या बैठकीला गेले, तेव्हा मी तौकीरला बोलावून घेतलं. त्याने मुंबईला फोन लावून दोन्हीकडची सेटिंग बदलली. तासाचा गठ्ठा पाव तासात गेला.

दुसऱ्या दिवशी दाजींनी ते पाहिलं आणि मला अहवाल लिहायला सांगितला: माडाचा अडथळा दूर केल्याने वेग चौपट. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. दाजींना मी कायम हसत आले, पण ते निदान अडाणी तरी होते.

बाजाराच्या दिवशी गोदूबाई दिसली. पुढ्यात नारळ नव्हते, अळवाच्या चार जुड्या होत्या. दाजींनी तिला तो अहवाल वाचून दाखवला होता.

"माझोच माड आड येय होतो गो," ती म्हणाली. "माका आधीच सांगूक होया होता. तुमका इतके दिस उगाच तरास झालो."

मी खाली मान घालून एक जुडी उचलली.