प्रल्हाद भाऊजींचा तीन मिनिटांचा डाव

माझ्या दिराला लोकांनी लबाड ठरवलं होतं. एक दिवस मीही ठरवलं.

आज प्रल्हाद भाऊजींना जाऊन सहा वर्षं झाली. हे लिहायचं धाडस आता होतंय.

भाऊजी म्हणजे यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याकडेच राहिले. कुडव्याला त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. धानाच्या दिवसांत जळलेले पंप घेऊन लोक दाराशी बसलेले असायचे.

बुद्धिबळ ते आमच्या भागातल्या गोरेगावच्या (मुंबईचं नव्हे) आठवडी बाजारात शिकले. कापडी पट, देशी नियम. त्यात प्यादं एका वेळी एकच घर चालतं, आणि राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मिळते.

मुलीच्या अभ्यासासाठी घरी कॉम्प्युटर आला. तिनेच काकाला ऑनलाइन खेळायला बसवलं.

पहिल्याच डावात हाक आली.

"वहिनी, तुमचा कॉम्प्युटर बिघडला. राजा उडून नाही राहिला."

मी कॉन्व्हेंटमध्ये थोडंफार खेळले होते. म्हटलं, या नियमांत राजा उडत नाही. उलट प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जाऊ शकतं.

"उडत नाही तर राजा कायचा?"

तेवढ्यात डावाच्या घड्याळावरची त्यांची वेळ संपली. हरले.

राजाचं त्यांनी ऐकलं. प्याद्याचं कधीच ऐकलं नाही. "पहिल्याच पावलाले कायले धावायचं?" म्हणायचे. सगळी प्यादी एकेक घर पुढे सरकवून ओळ करायची, आणि मागे उंट, घोडे दडवून वाट बघायची.

मी म्हणायची, "अहो, हल्ला तरी करा कधी."

"मी बांध घालून राहिलो, वहिनी. फोडायले येऊ द्या त्याले."

आणि समोरचा यायचाच. घाईघाईने यायचा आणि फसायचा.

प्रत्येकाला तीनच मिनिटं, असेच डाव का, असं बरेच जण विचारायचे. कारण साधं होतं. तेव्हा लोडशेडिंग होतं. दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला आले की तासभर लाईट मिळायची. मोठा डाव लावला की मध्येच अंधार, आणि हार भाऊजींच्या नावावर.

सुरुवातीची दोन वर्षं ते जिंकत आलेले डाव वेळ संपून हरायचे. बाजारात घड्याळ नसतं, विचार करत बसायची सवय. मग त्यांनी एक वही केली. फक्त हरलेले डाव लिहायचे, आणि खाली कारण. एका शब्दात.

आधी पानोपानी "वेळ". मग "वेळ" कमी झालं, "लोभ" आलं. फुकट मिळतंय म्हणून प्यादं मारायला गेलो, असा त्याचा अर्थ. मग "लोभ"ही कमी झालं. कुठे कुठे "लाईट".

शेवटच्या वह्यांत बहुतेक एकच कारण: "समोरचा चांगला".

तोवर ते परदेशातल्या नावाजलेल्या खेळाडूंना हरवायला लागले होते. आमच्या डायनिंग टेबलावरून, बनियनवर बसून.

मग हृदयाचं दुखणं आलं. डॉक्टरांनी दुकान बंद करायला लावलं. दिवसभरात उरला तो हा खेळ.

आणि एका सकाळी वेबसाइटचा ईमेल आला. इंग्रजी, म्हणून मी वाचला. तुम्ही खेळताना मशीनची मदत घेता, सबब तुमचं खातं बंद.

"कोणती मशीन? वाइंडिंगची?" भाऊजी हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले.

आमच्या कॉम्प्युटरवर बुद्धिबळाच्या चाली सुचवणारा एक प्रोग्राम होता. मुलीने टाकलेला. मला तो आठवला. आणि मी विचारलं,

"भाऊजी, खरं सांगा. त्याचं बघून खेळत होतात का?"

ते भरल्या ताटावरून उठले.

संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला. "त्याइले पाठवा. तुमाले इंग्रजी येते."

मी रात्रीपर्यंत वाट बघितली नाही, तिथेच वाचायला बसले. दर वहीत त्यांच्या चुका, त्यांच्याच अक्षरात. वर्षावर्षाने हळूहळू कमी होत गेलेल्या. मशीनची मदत घेणारा माणूस एवढा हरेल कशाला, आणि हरलेलं जपून ठेवेल कशाला?

पहिल्या दोन वह्या संपेपर्यंत मला माझीच लाज वाटायला लागली होती.

पानांचे फोटो काढले. पत्र लिहिलं, अगदी शाळेतल्यासारखं, "रिस्पेक्टेड सर" पासून. देशी नियम समजावले. लिहिलं की कुठलंच मशीन दर डावात प्यादी अशी एकेक घर चालवणार नाही, हे फक्त गोरेगावच्या बाजारात शिकलेला माणूस करतो.

उत्तर येईना. भाऊजींच्या पायांवर सूज चढत होती. माझ्याशी बोलायचे, पण कामापुरतं. मला एकच भीती होती, हा डाग घेऊनच गेले तर? आणि माझ्यावरचा राग घेऊन?

तीन आठवड्यांनी उत्तर आलं. आम्ही सर्व डाव पुन्हा तपासले. आमची चूक झाली. आम्ही क्षमा मागतो. खातं सुरू केलं आहे.

मी मराठीत सांगितलं.

"इंग्रजीत वाचा," म्हणाले.

वाचलं.

"अजून एक डाव."

पुन्हा वाचलं. मग भाऊजी म्हणाले,

"त्याइनं माफी मागतली, वहिनी. तुमी काऊन चूप?"

मी हात जोडले. म्हटलं, चुकलं माझं, भाऊजी. तुमच्यावर संशय घ्यायला नको होता.

"बरं. चहा मांडा आता. आणि साखर टाका, डॉक्टर इथं नाही."

त्या दिवशी ते लागोपाठ चार डाव हरले आणि पोट धरून हसले.

दोन महिन्यांनी ते गेले. शांतपणे, झोपेत.

दुःख झालं, आजही होतं. पण त्याच्या खाली एक मोठा सुटकेचा श्वास आहे. ते स्वच्छ नावाने गेले. आणि मला माफी त्यांच्या फोटोसमोर मागावी लागली नाही. त्यांनी ती ऐकली, आणि वर साखरेचा चहा मागितला.

प्रल्हाद भाऊजी, तुमच्या वहिनीचा नमस्कार. सुखात राहा.