रीलमधली रोहिणी

बारामतीला कॉलेजला निघाले, तेव्हा बावड्याच्या स्टँडवर तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गादीची वळकटी एसटीत चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोटू टाक. कशी हायेस ते आमाला हितं दिसंल."

मी टाकत गेले. हॉस्टेलची गच्ची, कँटीनचा चहा, मैत्रिणींचा घोळका. घरची खूश. हळूहळू फोन कमी झाले. पोरगी रोज दिसतेय म्हटल्यावर विचारायचं काय?

माझी रूममेट रोहिणी भिगवणची. वडील मासळीचे व्यापारी. तिची रील्स सगळ्या कॉलेजला माहीत. ती पाहताना मला माझं सगळंच फिकं वाटायचं. आणि नवल असं, की रीलमधली ती हसरी मुलगी शेजारच्याच कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. लेक्चरला येईना, डबा तसाच परत जायचा. मग मला हेवा वाटायचा तो नेमका कुणाचा?

एका दुपारी मी तिला विचारलंच, "यातली खरी तू कुठली?"

ती उठून बसली. "दोन्ही मीच. पण ती हसरी बंद केली, तर मी कुणाच्या ध्यानातच ऱ्हाणार न्हाय."

"घरी सांगितलंस?"

"आई रोज स्टेटस बघती. तिला वाटतं, पोरगी मजेत हाय."

तिला विचारूनच मी तिच्या आईला फोन लावला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि लेकीकडे बघतच राहिल्या. "फोटूत तर हसत व्हतीस की गं!"

"फोटूतच हसत व्हते, आई."

पुढे कॉलेजच्या समुपदेशक मॅडम, काही आठवडे घरी विश्रांती, मग परीक्षा. रोहिणी सावरली. रील्स अजून करते, पण आता त्यांत मासळीच्या लिलावात ओरडणारे तिचे वडील असतात.

फोनमधलं हे जग माणसाचं नेमकं काय करतं, या तिच्यामुळे पडलेल्या प्रश्नापायी मी पुण्यात मानसशास्त्र शिकायला आले. उत्तर पुरतं सापडलेलं नाही. फोन बाजूला ठेवला की बरं वाटतं म्हणावं, तर एखाद्या बुजऱ्या मुलाला जिवाभावाचं माणूस तिथंच भेटलेलं असतं.

गाव सोडलेल्यांनो, तुमचं मला ठाऊक नाही. माझ्यासाठी घर म्हणजे आता रविवारचा व्हिडिओ कॉल. त्यात आईचं अर्धं कपाळ दिसतं, तात्यांचा कान आणि बराचसा पंखा.

"आवाज का बसलाय गं?" तात्या विचारतात.

आणि मी केस न विंचरता सगळं सांगत बसते.