वरातीपुढचा कॉमिक

काकाला सोंगाड्या म्हटलेलं खपत नसे. गावातल्या कोणी ओट्यावरून 'ए सोंगाड्या' अशी हाक मारली, की तो ठार बहिरा असल्यासारखा नाकासमोर चालत राही. आमच्या वस्तीतली शेंबडी पोरंसुद्धा त्याला 'कॉमिक' म्हणत, आणि त्यांच्या हाकेला मात्र तो थांबून, कमरेत वाकून नमस्कार करी. माझ्या वडिलांचा हा धाकटा भाऊ.

तो शब्द त्यानं मेडशीच्या बाजारात उतरलेल्या एका नाटक कंपनीकडून उचलला होता. तंबूचे खुंटे ठोकायला गेला, तर फळ्यावर एका नटाच्या नावापुढं मोठ्या अक्षरांत 'कॉमिक' लिहिलेलं. मॅनेजरला अर्थ विचारला. "लोकांना हसवतो तो," एवढंच मॅनेजर म्हणाला. काकाचं त्यानं कसलं समाधान होतंय? त्यानं आपला अर्थ आपण लावला. "सोंगाड्याले बलावतेत अन् नाचवतेत," तो सांगे. "कॉमिक वर उभा राह्यते, लोकं खाली बसतेत. त्याच्या मनात आलं तं हासवते." आमच्या घरात तो शब्द याच अर्थानं चालला.

एवढ्या हट्टाला कारण होतं. आमचा आजा गावातल्या प्रत्येक वरातीपुढं लुगडं नेसून, धुळीत लोळत, माकडचेष्टा करत जायचा. नाही म्हणायची सोयच नव्हती. बदल्यात पंगतीतलं उष्टं मिळे. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, वस्तीनं तो रिवाज मोडला आणि आज्यानं ते लुगडं चुलीत घातलं. काका तेव्हा चुलीपाशीच बसला होता.

पण हसवण्याची खोड रक्तातलीच. जयंतीच्या जलशात त्याची एक नक्कल ठरलेली असे. देव टाकून दिलेत, पण बायकोनं एक खंडोबा गुपचूप ज्वारीच्या कणगीत लपवलाय, आणि नवरा नेमका ज्वारी काढायला जातो. दोन्ही आवाज तोच काढी. ती बायको म्हणजे माझी आई, हे अख्ख्या वस्तीला ठाऊक. आई पुढं बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची आणि घरी आल्यावर त्याला शिव्यांची लाखोली वाहायची.

बहात्तरच्या दुष्काळात मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. उन्हाळ्यापर्यंत वस्तीची विहीर कोरडी ठाक पडली. पाणी उरलं ते फक्त पाटलाच्या मळ्यात. तिथला गडी आमच्या घागरींत वरून ओतायचा, तेही आम्ही मुकाट्यानं घ्यायचो. अशात पाटलाच्या मुलाचं लग्न निघालं. त्याचा माणूस दारात येऊन काकाला म्हणाला, "वरातीपुढं चाल. तुह्या बापासारखं."

"मांडवात स्टेज बांधा," काका म्हणाला. "तुमी सतरंजीवर बसा, मी वर उभा राह्यतो. पोट दुखेस्तोवर हासवतो."

माणूस अंगणात थुंकून गेला. दुसऱ्या दिवशी मळ्यातून आमच्या सगळ्या घागरी रिकाम्या परत आल्या.

बाया नदीत झिरे खणायच्या, निघायचा तो गढूळ चिखल. माझं दूध आटलं. जलशात टाळ्या पिटणारी वस्तीतली मोठी माणसंच काकाकडं आली. "एका दिवसाचं सोंग हाय, कर ना बावा," म्हणाली. मला त्यांचा राग आला, आणि तरी काकानं हो म्हणावं म्हणून माझाच जीव टांगणीला लागला होता. मग आई माझं बाळ घेऊन त्याच्यापुढं बसली. "भाऊजी, हे आता रडूनबी नाई राह्यलं."

काकानं बाळाच्या ओठांवरून बोट फिरवलं. "लुगडं नाई नेसनार," तो म्हणाला. "नुसता चालतो."

जयंतीला घालायचा पांढरा सदरा घालून तो वरातीपुढं चालला. मान ताठ, हात सरळ, ना नाच ना चाळा. आम्ही बाया वस्तीच्या तोंडाशी उभ्या होतो. आधी वरात नुसती पाहत राहिली. मग कोणीतरी म्हणालं, "पाहा बे, साहेबावानी चालून राह्यला," आणि हशा फुटला. तो हशा देवळापर्यंत थांबला नाही. म्हातारे डोळे पुसत होते. "वा रे कॉमिक," एकानं हाक दिली आणि सगळ्या गावानं ती उचलली. इतकी वर्षं गावाच्या तोंडून न निघालेला शब्द त्या दिवशी निघाला. आमच्या वस्तीतला माणूस ताठ चालतो, याहून मोठी गंमत त्या मेल्यांनी पाहिली नव्हती.

त्याच आठवड्यात काका-काकू एसटीनं अकोल्याला गेले. कापसाच्या जिनिंगमध्ये त्यानं हमाली केली. जयंतीला कधी आला नाही. वस्तीतल्या नव्या पोरांनी तिथं जाऊन 'कॉमिक' म्हणून हाक मारली, तर ऐकू न आल्यासारखा पोती उचलत राहिला. तिथंच मेला. लोक मला म्हणतात, पाण्यासाठी झुकला बिचारा. त्यांना मी एकच सांगते, झुकला असता तर गाव एवढं हसलं नसतं.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी मळ्यातून घागरी भरून आल्या. आईनं पहिला पेला काकापुढं धरला. त्यानं तो ओठांनाही न लावता माझ्याकडं सरकवला. सगळं पाहिलं होतं मी, सगळं कळत होतं. तो समोर बसलेला असताना मी एका दमात पेला रिकामा केला आणि आणखी मागितलं. पाणी गोड होतं.