वाजवून घेतलेला दगड

जगदीश एकेकाळी डार्मश्टाटजवळच्या एका कंपनीत गिअरबॉक्स डिझाइन करायचा. चाळिशी उलटल्यावर त्याने ती बरी चाललेली नोकरी सोडली आणि अठरा वर्षांच्या पोरांशेजारी बसून दगड घडवायला शिकला. बायको शोभना आठवडाभर बोलली नाही. आता हायडेलबर्गच्या कडेला एका शेडमध्ये तो लोकांच्या घरांसाठी दगडी फायरप्लेस घडवतो. त्याच्या स्वतःच्या भाड्याच्या फ्लॅटला धुराडंच नाही, हे शोभना पाहुण्यांना आवर्जून सांगते.

यंदा गौरांगच्या नव्या घराचं काम होतं. लाल दगडाचे दोन खांब आणि त्यांवर आडवी शिळा. शिळेवर द्राक्षाचा वेल हवा, हा हट्ट गौरांगच्या आईचा, अरुणाकाकूंचा. त्या वास्तुशांतीसाठी नाशिकहून आल्या होत्या. वास्तुशांत रविवारी, परतीचं विमान मंगळवारी. पेटलेली फायरप्लेस बघूनच त्यांना जायचं होतं.

गुरुवारी शिळा गाडीत चढवण्याआधी जगदीशने सहज तिच्यावर हातोडी मारली. टोकाला आवाज खणखणीत आला, मधोमध बद्द. आत चीर होती.

चूक त्याचीच. कोरण्याआधी दगड वाजवून बघायचा, हे त्याला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या हाइन्झने शंभरदा बजावलं होतं. पण या दगडाबरोबर टेस्ट रिपोर्ट आला होता, दोन दशांशांपर्यंत आकडे असलेला. आकडे दिसले की जगदीशमधला इंजिनिअर विरघळतो. त्याने रिपोर्ट वाचला आणि तीन आठवडे वेल कोरत बसला. आता स्वतःच्याच मुस्कटात मारावीशी वाटली त्याला.

त्याने गौरांगला फोन केला.

"चीर बाहेरून दिसते का?" गौरांगने विचारलं.

"नाही."

"मग बसवून टाका ना. आई मंगळवारी जातेय."

जगदीशला मोह झाला. झाला नाही असं कशाला म्हणायचं? "आच लागून लागून ती वाढेल," तो शेवटी म्हणाला. "दोन हिवाळ्यांनी शिळा खाली येईल. समोर कोण बसलेलं असेल, सांगता येत नाही."

फोन काकूंनी घेतला. "माठ वाजवून घेतात, तसं असतं का हे?"

"तसंच, काकू. टोकाला खणखणीत, मधोमध बद्द. मी न वाजवता घेतला."

काकू म्हणाल्या, "मग फोडा तो. शाबूत राहिला तर बसवावासा वाटेल."

त्याने फोडला. द्राक्षांचे घड शेडभर उडाले. ते गोळा करताना त्याला फार वाईट वाटलं.

रविवारी दूध स्वयंपाकघरातल्या शेगडीवर उतू घातलं. वर शिळा नसलेल्या दोन खांबांना काकूंनी हळद-कुंकू लावलं, बोटाच्या पेराने दोन्ही वाजवून पाहिले आणि मंगळवारी त्या गेल्या.

नवी शिळा बसायला महिना लागला. पहिला जाळ करायच्या दिवशी गौरांगने नाशिकला व्हिडिओ कॉल लावला. जगदीशने त्याच्या हातातून फोन घेतला.

"काकू, बघण्याआधी ऐका," म्हणत त्याने फोन शिळेजवळ धरला आणि हातोडी मारली.

"हे टोक झालं," काकू म्हणाल्या. "आता मधोमध मारा."