टायवाले भाऊ आणि तरतरीच्या गोळ्या

मे महिन्यात, चंद्रपूरकडचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हा, गळ्याशी टाय आवळून एसटीतून उतरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आम्ही त्यांना टायवाले भाऊ म्हणत असू. औषध कंपनीचे प्रतिनिधी, घर वरोऱ्याला. ऐंशी सालानंतरची ती वर्षं. पोंभुर्ण्यात मी नुकताच दवाखाना थाटला होता. भाऊ आले, की बाकड्यावरचे पेशंट त्यांनाच मोठे डॉक्टर समजून उठून उभे राहत आणि मला म्हणत, "कंपाउंडरभाऊ, साहेबाले खुर्ची द्या." मी देत असे. एका म्हातारीनं तर जीभसुद्धा त्यांनाच काढून दाखवली.

त्यांच्या बॅगेत एक कॅप्सूल असे, को-एन्झाइमची. अंगात जोर, डोक्याला तरतरी. त्याचं शास्त्र ते चुलीवरून समजावत. "शरीरातली एकेक पेशी म्हणजे चूल समजा. खाल्लेलं अन्न म्हणजे लाकूड. पण फुंकल्याबिगर चूल पेटते काय? हे को-एन्झाइम म्हणजे फुंकणी." मला कॉलेजात हे इतकं सोपं करून कोणी सांगितलं असतं, तर मी पहिल्या झटक्यात पास झालो असतो.

बाकीचे प्रतिनिधी विचारत, किती लिहिणार? भाऊ विचारत, कोणाला गुण आला का? एक तरी पेशंट दाखवा. मला आधी ही विक्रीची नवी तऱ्हा वाटली. मग एकदा चहा पिता पिता त्यांनी सांगितलं. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे बाईंच्या, हातापायांतलं बळ ओसरत चाललं होतं. स्नायू झिजताहेत, यावर औषध नाही, असं सांगून नागपूरच्या डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं. तेव्हापासून भाऊ बाईंना रोज हीच कॅप्सूल देत होते.

तरतरीसाठी मीही ती काही दिवस खाऊन पाहिली. त्याच काळात मी स्टेथोस्कोप कानात न घालता एकाची छाती तपासली आणि "एकदम साफ आहे" म्हणून सांगितलं. हा किस्सा मी भाऊंना मोठ्या रंगात ऐकवला. ते हसले नाहीत. "म्हणजे तुमाले लागू नाई पडलं," एवढंच म्हणाले.

मग मला झिंगरू सापडला. लाकूड डेपोवरचा म्हातारा चौकीदार, खुर्चीत बसल्या बसल्या घोरणारा. त्याला मी भाऊंच्या सॅम्पलच्या गोळ्या दिल्या होत्या, आणि आता गडी ताठ चालत होता, गाणी म्हणत होता. पुढच्या खेपेला भाऊंना सायकलवर डबलसीट घेऊन मी डेपोवर गेलो. रस्ताभर शेखी मिरवली.

"खरं सांगू काय, डॉक्टर?" झिंगरू कान खाजवत म्हणाला. "मी नाई खाल्ल्या. कोंबड्याले चारल्या. बाजारातल्या झुंजीत त्याच्यापुढं कोणाचा कोंबडा टिकून नाई राह्यला. मले त्याचाच हुरूप आहे."

धरणीनं पोटात घ्यावं, असं मला वाटलं. भाऊ मात्र कोंबड्यासमोर उकिडवे बसले. कोंबड्यानं टायला चोच मारली, तरी हलले नाहीत. अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "पह्यले कसा होता हा?"

"पह्यलेबी असाच होता, साहेब. जातच लढाऊ आहे त्याची."

परतताना त्यांनी सायकलवर बसायला नकार दिला. चालत आले.

पुढे मी वरोऱ्याला बाईंना पाहायला गेलो. त्या लोडाला टेकून बसल्या होत्या, शब्द जड येत होते. भाऊंनी कॅप्सूल फोडली, पूड मधात कालवली आणि चमचा त्यांच्या तोंडाशी नेला. त्यांना जोराचा ठसका लागला, डोळे लाल झाले. भाऊ पाणी आणायला आत गेले, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "यायले सांगा ना, आता पुरे. मले गिळून नाई होत." मी हो म्हणून मान हलवली. भाऊ बाहेर आले आणि मी, गावभर बडबड्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या माणसानं, त्यांना विचारलं, कूलर कुठून घेतला?

ते मला बसस्टँडवर सोडायला आले. गाडीला वेळ होता. "डॉक्टरसाहेब, एक तरी पेशंट?" त्यांनी विचारलं.

"नाही भाऊ. एकही नाही. बाईंना त्रास होतो आहे. आता थांबवा."

त्यांनी मान हलवली. "तिचं थांबवतो," म्हणाले. "पण उद्या याच गोळ्या घेऊन मले भद्रावतीले जायचं आहे. नाई गेलो तं नोकरी जाते, मंग हिले पाहू कसा? तिथले डॉक्टर विचारतीन, गुण येते काय. त्याईले काय सांगू, तेवढं सांगा."

गाडी लागली. मी घाईघाईनं चढलो. खिडकीतून हात हलवला, काय म्हणून हलवला कोण जाणे.

पोंभुर्ण्याला ते पुन्हा आले नाहीत. बाई त्याच पावसाळ्यात गेल्या. भद्रावतीचा एक डॉक्टर मित्र मला नंतर म्हणाला, तू वरोऱ्याहून परतलास, त्याच्या दुसऱ्या दिवशी तुझे टायवाले आले होते. गोळ्या टेबलावर मांडल्या आणि काही न बोलता बसून राहिले. बाहेरचे सगळे पेशंट तपासून झाले, तरी बसलेलेच होते.