वळणावरची शिट्टी

रुळांची डागडुजी करणाऱ्या टोळीत मामांच्या हाती कधी पहार नव्हती, फक्त शिट्टी. बाकीची माणसं वाकून खडी भरायची आणि मामा थोडे दूर, वळणाकडे तोंड करून उभे. गाडी दिसली की एक लांब शिट्टी, माणसं बाजूला. गाडी गेली की दोन आखूड, माणसं पुन्हा रुळांवर.

"मामा, उभं राहून राहून पायांना मुळं फुटतील!"

"फुटू देत. मी उभा आहे म्हणून तुम्ही वाकताय."

घरी जेवतानाही त्यांची नजर खिडकीबाहेर. बायको म्हणे, "इथं कुठली गाडी येतेय? भाजी गार झाली."

मग विजेच्या वेगवान गाड्या येणार असं ठरलं. रुळांच्या वरून विजेच्या तारा ओढल्या गेल्या. मुकादमांनी विचारलं, "फार जोरात येणार म्हणतात. जमेल ना?"

"कितीही पळू दे. माझी नजर तिच्या आधी पोचते."

टोळीत त्यांचा जावईही होता. त्याच्यादेखत वेगळं काही बोलणं मामांच्या जिवावर आलं असतं.

पहिली गाडी चाचणीसाठी आली त्या सकाळी ऊन स्वच्छ होतं. धूर नाही, इंजिनाची घरघर नाही. वळणावर ती दिसली त्याच क्षणी मामांनी शिट्टी फुंकली. माणसं उड्या मारून बाजूला झाली. जावई सगळ्यात शेवटी. वाऱ्याच्या झोताने तो खडीवर तोंडघशी पडला.

गाडी दिसेनाशी झाली. जावई उठून बसला, हनुवटीतून रक्त. "थोडक्यात वाचलो, मामा," तो हसला.

टोळी दोन आखूड शिट्ट्यांची वाट बघत थांबली. त्या आल्याच नाहीत.

"वाजवा की, मामा. काम पडलंय," मुकादम म्हणाले.

"मी डुलकी काढली नव्हती, मुकादम. दिसली तशी वाजवली. तरी हे झालं. आता मला जमणार नाही."

"अहो, जरा पुढे उभे राहा."

"मग यांना शिट्टी ऐकू कशी येणार? गाड्या बंद असतील तेव्हाच माणसं रुळांवर जाऊ देत."

"मग तुमचं काय काम उरेल, कळतंय का?"

"कळतंय. म्हणून तर हे आधी तोंडातून निघत नव्हतं."

मुकादम फोन काढून वरच्या साहेबांशी बोलायला बाजूला गेले.

जावयाने सरकून जागा केली. मामा त्याच्याशेजारी टेकले आणि रुमालाने त्याची हनुवटी पुसू लागले.

"मी पुसतो, मामा."

"गप्प बस. हलू नकोस."